निळ्या दाराचं घर

"उद्या सकाळी अकराला माझ्या घराचा लिलाव आहे," शिवणबाई म्हणाली. "आणि हे मला बँकेनं नाही, एका परक्या माणसानं पत्र लिहून कळवलं."

एवढं बोलून ती खुर्चीत बसली. मशिनवरून उठून तशीच आली होती. गळ्यात मोजपट्टी, पदराला दोरे. सकाळचे नऊ वाजले होते आणि खालच्या किल्लीवाल्याची कानस सुरू झाली होती. त्या आवाजानं दात शिवशिवायचे, पण टाचणीनं खिडकी लावली नाही. भाडं कमी होतं ते त्या आवाजामुळेच.

टाचणी खासगी तपास करायची. अंगानं बारीक, बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. तिचं खरं नाव विचारायची कुणाची छाती नव्हती. बाजूला बसलेले ब्रेकमामा तिचे मदतनीस. त्यांनी सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती, शिकणाऱ्याच्या शेजारी बसून. त्या सव्वीस वर्षांत इतके ब्रेक दाबले की आता काही धोक्याचं कानावर आलं तरी त्यांचा पाय आपोआप जमीन दाबायचा.

आत्ताही दाबला.

"नीट सांगा," टाचणी म्हणाली. "हप्ते थकलेत?"

"थकलेत. खोटं कशाला बोलू? हे वर्षभर अंथरुणावर होते, मग गेले. मी बँकेत जाऊन सांगितलं, हप्ता लहान करून द्या, एकही चुकवणार नाही. ते म्हणाले, घरी लेखी पत्र येईल, ते घेऊन या. मी रोज वाट बघतेय हो त्या पत्राची! रोज! आणि चार तारखेला हे आलं."

तिनं पत्र पुढं केलं. ब्रेकमामांनी मोठ्यानं वाचलं.

"प्रिय ताई, मी कंपनी नाही, दलाल नाही. तुमच्यासारखाच साधा माणूस आहे. तुमचं निळ्या दाराचं घर मी रोज जाता-येता बघतो. तेरा तारखेला त्याचा लिलाव होणार हे कळल्यापासून मला झोप नाही. एकदा भेटा. मी आहे ना."

"किती मायेनं लिहिलंय," ब्रेकमामा म्हणाले. "आणि तेही हातानं."

"पाठीवरून बोट फिरवा."

त्यांनी फिरवलं. "गुळगुळीत आहे."

"हातानं लिहिलं की पाठीला पेनाचे वळ उठतात. हे छापलंय. सगळे 'त' बघा, एका साच्यातून पडलेत. माया छापून मिळते हल्ली." टाचणी शिवणबाईकडं वळली. "मग?"

"मग मी धावत बँकेत. बँक म्हणते, आम्ही दोन महिन्यांपूर्वी नोटीस पाठवली. नोटिशीवरच्या तारखेपासून साठ दिवसांत या, हप्ता बसवून देऊ, नाही आलात तर तेरा तारखेला लिलाव, सगळं त्यात लिहिलं होतं. म्हणे तुमच्या घरात कुणीतरी सही करून घेतलीय. साठ दिवस संपले. परवा, दहा तारखेला, पेपरातही छापून आलं. आज चार वाजता तो पत्रवाला माझ्या घरी कागद घेऊन येतोय. अर्ध्या किमतीत घेणार. म्हणतो, ताई, आज सही करा, उद्या लिलावात तेवढंही हाती लागणार नाही."

"आणि तुम्ही करणार?"

"दुसरं काय करू?" तिचा आवाज चढला. "मला फक्त एवढं कळू दे, ती नोटीस कुणी दाबली. म्हणजे मला माहीतच आहे. पण त्याच्या तोंडावर सिद्ध करून हवंय."

"कोण?"

"माझा दीर. बँक म्हणते सही घरातल्या पुरुषानं केली. ह्यांच्यामागं घरचा म्हणावा असा पुरुष एकच उरलाय. वर्षभर तो घर विक, घर विक म्हणत माझ्या मागं लागला होता."

तिनं पोचपावतीची प्रत टेबलावर ठेवली. पावती कोरीकरकरीत, कुठं डाग नाही. तारीख लिहिलेली, नऊ. शेवटी सही म्हणून एक वळवळती रेघ, तिच्या शेपटीला दोन ठिपके. आणि तारीख नि सहीच्या मधे एक आकडा, ४८७१.

"हे काय?" टाचणीनं विचारलं.

"बँकेला विचारलं. म्हणे असेल काहीतरी पोस्टाचं."

"गाडीचा नंबर," ब्रेकमामा ठामपणे म्हणाले. टाचणीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. "किंवा नसेलही," ते म्हणाले.

*

शिवणबाईचं घर गल्लीच्या वळणावर होतं. तीन पायऱ्या, छोटा व्हरांडा, आणि दार. टाचणी पहिल्याच पायरीवर थबकली.

"हे लाल आहे."

"हो."

"पत्रात निळं आहे."

शिवणबाईचा चेहरा आवळला. "ते होतं निळं. एक दिवस. ह्यांना लाल दार आवडायचं, म्हणून मी म्हटलं वर्षश्राद्धाआधी नवा लाल हात मारू. भावजी म्हणाले, मी मारून देतो. मंगळवारी सकाळी मी शाळेचे गणवेश पोचवायला गेले, तीन वाजता येऊन बघते तर निळं! म्हणे दुकानदारानं चुकीचा डबा दिला. अहो, डबा उघडल्यावर डोळे कुठं गेले होते? वर म्हणतात, बघ ना, काय उठून दिसतंय, गिऱ्हाईक पटकन मिळेल. माझी तळपायाची आग मस्तकात गेली."

"मंगळवार म्हणजे कितवी?"

"नऊ तारीख होती. तीच, सहीची! म्हणून तर म्हणते ना!"

"मग लाल कधी झालं?"

"बुधवारी दुपारी. भावजींनीच केलं, एक शब्द न बोलता. मग मीच म्हटलं, आता पुन्हा माझ्या पायरीवर पाऊल टाकू नका. नाही टाकलं."

दाराच्या चौकटीवर दोन स्क्रूंची भोकं उघडी होती. रंगासाठी काढलेली घराच्या नंबराची पाटी अजून खिडकीतच पडून होती. दोन महिने ती परत लावायला घरात कुणी नव्हतं.

ब्रेकमामांनी दमून भिंतीला धाडकन पाठ टेकली तशी दारावरची लाकडी पेटी हादरली. पेटीचं झाकण उघडलं आणि आतून एक पुठ्ठ्याचं कार्ड त्यांच्या डोक्यावर आपटून खाली पडलं.

"आई गं! विजेचा मीटर इतका उंच कुणी लावतं?"

टाचणीनं कार्ड उचललं. धूळ झटकली. तारीख, आकडा, सही, असे तीन रकाने. ती ते वरपासून खालपर्यंत वाचत बसली. दर तीन महिन्यांनी एक ओळ, सगळ्या ओळींना एकच सही, फक्त शेवटच्या ओळीला वेगळी. मग तिनं स्टूल मागून घेतलं, त्यावर चढली आणि कार्ड होतं तिथं अडकवलं.

"आपण इथं मीटर बघायला आलोय का?" ब्रेकमामा डोकं चोळत म्हणाले.

"तुम्ही गल्लीत चक्कर मारा. अजून कुणाला असं मायेचं पत्र आलंय का विचारा. मी वर जाऊन येते."

*

वरच्या मजल्यावर भाडेकरू राहायचे. कवळ्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना कवळीवाले म्हणायचे. टेबलभर दातांचे साचे हसत पडले होते. माणूस मात्र हसत नव्हता.

"हे घर विकत मागितलं होतंत ना तुम्ही?"

"मागितलं होतं. पूर्ण किमतीत. ताईंनी नाही म्हटलं, मी गप्प बसलो. त्यात काय चोरी केली?" त्यांच्या हातावर कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर वाळलं होतं. टेकवतील तिथं पंजा उमटत होता.

"नऊ तारखेच्या मंगळवारी कुठं होतात?"

"मंगळवारी मी दवाखान्यांत कवळ्या पोचवतो. सकाळी आठला जातो, सहाला येतो. कुठल्याही डॉक्टरला विचारा."

"आणि निळं दार कसं वाटलं?"

"कुठलं निळं दार?" ते खरोखर गोंधळले. "आमचा जिना मागच्या बोळातून आहे. पुढच्या दाराशी मी भाडं द्यायला जातो, एक तारखेला. ते लालच आहे की."

*

दीर काचा कापायच्या दुकानात होता. दहा बोटांपैकी चार बोटांना पट्ट्या. टाचणीनं वहिनीचं नाव काढताच त्यानं काच कापायची हिरकणी खाली ठेवली.

"तिनं पाठवलं? मी नोटीस चोरली म्हणून?"

"चोरलीत?"

"मी तिला घर विक म्हणायचो ते तिच्या डोळ्यांसाठी, बाई! चौदा-चौदा तास मशिनवर बसते. लहान जागा घे, दोन घास निवांत खा, एवढंच म्हणत होतो. दादाच्या घराचं कौतुक मला नाही का?" त्यानं तोंड फिरवलं. "बोलता येत नाही मला नीट. तिकडंच सगळं बिघडतं."

"मंगळवारी दार रंगवताना कुणी आलं होतं?"

"मी असताना कुणी नाही. साडेअकराला रंग संपवला. कोपरापर्यंत निळा झालो होतो. टर्पेंटाईन आणायला गेलो. दुकानदार जेवायला गेलेला, तिथं त्याची वाट बघत अर्धा तास बसलो. दार उघडंच ठेवलं होतं, ओलं चिकटू नये म्हणून. स्टूलही तिथंच."

"अर्धा तास निळ्या हातांनी?"

"हो ना. लोक हसत होते."

*

नोटीस पोचवणारा टपालवाला पोस्टात सापडला, तो बदलीवरचा होता. नेहमीचा त्या आठवड्यात रजेवर होता.

"मला काय माहीत कोण घरचं, कोण दारचं?" तो आधीच चिडला होता. "बँकेतून फोन, तुम्ही, सगळे मलाच धरताय. नंबराची पाटी नव्हती, शेजारी विचारून घर शोधलं. दार उघडं. एक माणूस स्टुलावर चढलेला, दाराच्या वर काहीतरी बघत होता. आता मला सांगा, बाहेरचा माणूस कुणाच्या घरात स्टुलावर कशाला चढेल? मी म्हटलं, घरचेच का? तो म्हणाला, द्या इकडं."

"हाताला रंग होता?"

"छे. कानावरचं स्वतःचं पेन काढलं, झटकन सही करून दिली. सवयीचा माणूस होता, विचारावं लागलं नाही, तारीख-बिरीख त्यानंच टाकली."

बाहेर पडल्या पडल्या ब्रेकमामांनी टाळी वाजवली. टपालवाला बोलत असतानाच ते गल्लीतून धापा टाकत येऊन पोचले होते. "झालं! स्टूल! स्टुलावर कोण होतं? रंगवणारा! म्हणजे दीरच."

"पावती आठवा, मामा. कोरीकरकरीत. कोपरापर्यंत निळ्या माणसाच्या हातून?"

ब्रेकमामांनी पाय दाबला.

"तुम्हाला काय मिळालं?"

त्यांनी खिशातून एक कागद काढला. "चार घरं सोडून एक म्हातारे राहतात. त्यांनाही पत्र. तंतोतंत तेच. फक्त निळ्या दाराऐवजी 'तुमचं लिंबाच्या झाडाचं घर मी रोज जाता-येता बघतो.' तेही कर्जात आहेत. म्हणाले, किती देवमाणूस, आपलं झाड बघतो."

टाचणीनं दोन्ही पत्रं शेजारी धरली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तशा झाल्या की ब्रेकमामा गप्प बसायचे.

"जागा सोडलीय, मामा. छापताना मधे एक जागा मोकळी सोडलीय. तिथं प्रत्येक घराची एक खूण भरायची, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं हा आपल्याला ओळखतो. झाड, दार, काय दिसेल ते. लोकांच्या घराच्या खुणा घेऊन लोकांनाच गळाला लावतात."

तिनं दोन फोन केले. एक बँकेला. दुसरा कुठल्याशा तक्रार नोंदवायच्या नंबरावर. "आजच पाठवा," ती म्हणाली. "भयंकर पळतोय."

"कोण पळतोय?" ब्रेकमामांनी विचारलं.

"कळेल."

*

चारला दहा कमी असताना शिवणबाईच्या पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. फोनवर बोलत, दाराकडं न बघताच आत आलेला पत्रवाला मशिनच्या टेबलावर कागद पसरून बसला होता, इस्त्रीचा शर्ट, आवाज मधात बुडवलेला. बँकेच्या मॅडम घड्याळ बघत होत्या. टाचणीनं बोलावून आणलेला टपालवाला दाराजवळ. दीर पायरीखाली रस्त्यात उभा होता. वर यायला तयार नव्हता.

"ताई, पेन आणलंय मी," पत्रवाला म्हणाला.

शिवणबाईनं पेन घेतलं.

"जरा थांबा," टाचणी म्हणाली. "साहेब, तुम्ही रोज इथून जाता-येता?"

"रोज. मन भरून येतं."

"आज दाराचा रंग कुठला आहे? मागं वळू नका."

तो हसला. "निळा."

सगळ्यांच्या नजरा दाराकडं गेल्या. मग त्यानं मागं वळून बघितलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"या दाराला निळा रंग मंगळवारी सकाळी लागला आणि बुधवारी दुपारी गेला," टाचणी म्हणाली. "तुम्ही ते कधी बघितलंच नाहीत. तुम्हाला कुणीतरी खूण पुरवली. कुणी? कवळीवाल्यांनी निळं दार बघितलंच नाही. दिरानं बघितलं, पण स्वतःच लाल केलं, तो निळं कशाला सांगेल? ताईंचंही तेच. म्हणजे असा माणूस हवा, जो त्याच दिवशी आला आणि नंतर आजपर्यंत फिरकला नाही."

"असा कोण येतो?" शिवणबाईनं विचारलं.

खिडकीशी बसलेले ब्रेकमामा मधेच बोलले. "टाचणी, एक माणूस तिसऱ्यांदा पुढं गेला. नंबर नंबर करतोय, आणि दारं बघतोय."

"हाक मारा त्याला."

खांद्याला पिशवी, कानावर पेन, असा माणूस पायऱ्या चढून आला. दारात अडखळला. "मीटर पळतोय अशी तक्रार इथलीच का? पाटी नाही काही नाही. हे दार तर निळं..." तेवढ्यात त्याला कागदांमागं बसलेला पत्रवाला दिसला आणि तो मागं वळू लागला.

"हाच!" टपालवाला ओरडला. "हाच स्टुलावर होता!"

"मीटर उंच आहे. वाचायला स्टूल लागतं," टाचणी म्हणाली. तिनं स्टुलावर चढून पेटीतलं कार्ड काढलं आणि बँकेच्या मॅडमच्या हातात दिलं. "शेवटची ओळ वाचा. मोठ्यानं."

"तारीख नऊ. आकडा... चार हजार आठशे एकाहत्तर." मॅडमनी आपल्या फाइलमधली पावती काढली. "सही..." त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. वळवळती रेघ. शेपटीला दोन ठिपके.

"दिवसाला शंभर कार्डं लिहिणारा हात आहे," टाचणी म्हणाली. "तारीख, आकडा, सही. तारीख, आकडा, सही. टपालवाल्यानं पावती पुढं केली आणि हातानं आपलं काम केलं. नुकताच वाचलेला आकडा डोक्यात होता, तो मधे टाकून दिला. या गल्लीत पहिल्यांदाच आला होता, वरच्या ओळींना दुसऱ्याची सही आहे. म्हणून त्याला हे दार कायमचं निळंच वाटलं. कुणाचं बिल थकलंय, कुणाचा मीटर मंदावलाय, कुणाचं घर आतून खचलंय, याला दारातूनच कळतं. घरामागं किती देतात हो हे साहेब?"

मीटरवाला जमिनीकडं बघत राहिला. "खबरीचे देतात. मी काय... मला म्हणाले, बँकेचं पाकीट दिसलं तर आणा, त्याचे जास्त."

"हा मूर्ख काहीही बोलतोय!" पत्रवाल्याच्या आवाजातला मध उतरला. "अडचणीतल्या घरमालकांना शोधणं, त्यांना गाठणं गुन्हा आहे का? कित्येकांना मी वेळेवर पैसे देऊन सोडवलंय."

"शोधा ना!" टाचणी एवढ्या जोरात बोलली की खालच्या रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. "शोधा, पत्र लिहा, दार वाजवा, खरी किंमत सांगा, कोण अडवतंय? पण हिच्या हाती पडायचं पत्र तुम्ही खिशात घातलंत आणि त्या जागी तुमचं पाठवलंत! त्या पत्रात हिची सुटका होती. बाई रोज दारात उभी राहून त्याची वाट बघत होती. साठ दिवस तुम्ही गप्प बसलात, ते साठ दिवस बुडू दिलेत, आणि मग आलात. काय तर म्हणे मी आहे ना!"

"मला नोटिशीचं काही माहीत नव्हतं."

"तुमचं पत्र चार तारखेला आलं. त्यात तेरा तारीख आहे. मॅडम, लिलावाची जाहिरात कधी छापली?"

"दहाला. त्याआधी ती तारीख फक्त नोटिशीत होती."

पत्रवाला कागद गोळा करू लागला. ब्रेकमामा उठून दारात उभे राहिले. ते उभे राहिले की दारात दुसऱ्या कुणाला जागा उरत नसे.

"आणि मॅडम, तुम्ही," टाचणी थांबली नाही. "बाईच्या नावाची नोटीस, पुरुषाची सही, नाव नाही, मधे कुठलातरी आकडा. तुमच्या अख्ख्या ऑफिसात कुणालाच प्रश्न पडला नाही? घर घ्यायला निघालात कुणाचं, की रद्दी?"

मॅडमची मान खाली गेली. "नोटीस पोचलीच नाही असं धरावं लागेल. उद्याचा लिलाव थांबवते. साठ दिवस आजपासून मोजू. आणि हा कागद पोलिसांकडं मी स्वतः नेते."

शिवणबाईनं पेन टेबलावर ठेवलं. मग उठून दारात गेली.

"भावजी," ती म्हणाली, "वर या. ती पाटी दोन महिने तशीच पडलीय. मला स्क्रू आवळता येत नाहीत."

"येतात तुला," दीर म्हणाला. "गेल्या वर्षी तूच मशिन उघडलं होतंस."

"येता की नाही?"

तो तीन पायऱ्या दोन ढांगांत चढला.

टेबलावर पत्रवाल्याची पिशवी उघडी पडली होती. आत छापलेल्या पत्रांचा गठ्ठा, अजून न पाठवलेली. शिवणबाईनं वरची काही चाळली. तुटक्या कमानीचं घर. झोपाळ्याचं घर. पांढऱ्या मांजराचं घर.

"ही सगळी माणसं पण पत्राची वाट बघत असतील?"

"बहुतेक," टाचणी म्हणाली.

"मग बसलाय काय?" शिवणबाईनं गळ्यातली मोजपट्टी काढून मशिनवर टाकली. "पांढरं मांजर मला माहीत आहे. पलीकडच्या गल्लीत, रोज गच्चीवर बसतं. चला."

आणि ती पायऱ्या उतरून चालायलाही लागली, समोरून येणाऱ्या गाडीकडं न बघता, रस्त्याच्या मधोमध.

ब्रेकमामांनी सवयीनं पाय दाबला. मग उचलला, आणि तिच्यामागं निघाले.